कणग्याच्या कोपऱ्यातला वाईस

मागच्या गोठ्यातून हातोड्याचा पहिला घाव ऐकू आला तेव्हा सगुणा पडवीत गणपतीच्या बोटांवरून ओला कुंचला फिरवत होती. तिने मान वर केली नाही. दुसऱ्या घावाला फळी हलली. तिसऱ्याला फळीवरच्या मोठ्या मूर्तीचा आशीर्वादाचा हात मनगटापासून सुटला आणि तिच्या ओच्यात पडला.

ती हात ओच्यात धरून तशीच बसली. शाडू अजून ओला होता. आषाढात ऊन कुठलं? मूर्ती आठ-आठ दिवस ओल धरून राहतात. म्हणून जनूने फळ्या जमिनीवर न मांडता छपराच्या आडव्या बहालाला दोरांनी टांगल्या होत्या, खालची ओल आणि मुंग्या दोन्ही लांब राहाव्यात म्हणून. आता त्या सगळ्या फळ्या एका लयीत थरथरत होत्या आणि त्यांच्यावरचे देव बारीक बारीक माना हलवत होते.

"अवो," ती नवऱ्याला म्हणाली, "मोठ्या भावोजींना थांबवा. अजून एक घाव पडला तर सोंडा गळतील."

जनूने बायकोच्या ओच्याकडे पाहिलं आणि मातीचे हात तसेच घेऊन तो मागे गेला.

गोठा रिकामाच होता. म्हैस विकल्याला दोन पावसाळे झाले. थोरल्या भावाने, महिपतीने, गव्हाण काढली होती, भिंतीला चुना मारला होता आणि कोपऱ्यातल्या जाड खांबाला फणसाची फळी आरपार बोल्ट घालून ठोकली होती. त्या फळीवर लोखंड जबड्यात आवळून धरणारा वाईस बसला होता, हिरव्या रंगाचा, जबड्याच्या कडा झिजलेला. रोह्याची कंपनी बंद झाली तेव्हा भंगारात निघालेला हा वाईस महिपतीने मागून घेतला होता. ह्याच वाईससमोर तो तरुणपणापासून उभा राहिला होता. टेम्पोतून उतरवल्यापासून पंधरवडाभर तो पोत्यात गुंडाळून दाराशी पडला होता आणि घरातल्या प्रत्येकाच्या अंगठ्याला एकदा तरी लागला होता.

"दादा, बस कर. देवाचा हात पडला."

महिपतीने हातोडा खाली केला. "कुणी पाडला?"

"तू."

"मी इथं हाय. देव तिकडं पडवीत."

"आणि बहाल?" जनूने मातीचं बोट वर केलं. "हा खांब ज्या बहालाखाली हाय तोच माजघरावरून पडवीत जातो. एकच लाकूड हाय ते. त्यालाच माझ्या फळ्या टांगल्यात. तू इथं मारतोस आणि तिथं माझे देव नाचतात."

महिपती वर बघत राहिला. कंपनीत नवीन मशीन आली की तिचा हादरा कुठं जाईल ते तो आधी पायाने जमीन दाबून सांगायचा. आणि ज्या घरात जन्मला त्या घराचा बहाल एकसंध आहे हे त्याच्या ध्यानात आलं नाही. तो खांबाजवळच्या उकिरड्यासारख्या मऊ जमिनीकडे बघून म्हणाला, "टेबल मांडलं होतं मी आधी. पाय बोटबोट खाली गेले. खाडीची जमीन ही. म्हणून खांब धरला."

"मग दुसरीकडं धर."

"कुठं?"

पावसाची सर आली आणि दोघे भाऊ छपराखाली एकमेकांकडे न बघता उभे राहिले.

हौसा दुपारी आली. ती ह्या दोघांच्या मधली बहीण, खांब गावी दिलेली. आषाढ अमावास्येला ती दरवर्षी माहेरी यायची, आणि यंदा एस.टी.तून उतरली ती कोंबडा काखोटीला मारूनच. पडवीत शिरल्याशिरल्या तिने फळीखाली पडलेल्या मातीकडे बघितलं, जनूच्या तोंडाकडे बघितलं आणि कोंबड्याला म्हणाली, "तुला झुंजीला आणला असता तरी चाललं असतं रे. इथं आधीच लागलीय."

मग ती सरळ उजव्या कोपऱ्यातल्या बाजेकडे गेली. तिथं विठू पडून होता, तिघांचा बाप. अर्धांगाने डावं अंग गेलं होतं आणि जीभ जड झाली होती, पण डोळे सगळं बघत. खिडकीतून रस्ता दिसे, जाणारा-येणारा हाक मारी, आणि विठू उजवा हात वर करी. रोजचा व्यवहार तेवढाच उरला होता, पण तो चुकत नसे.

"बा, वळखलंस का?"

"कों... बडा," विठू म्हणाला.

"कोंबड्याला वळखलं, लेकीला नाय!" हौसा हसली, आणि हसता हसता तिने पदराने त्याच्या तोंडाच्या कडेची लाळ पुसली.

जेवणं माजघरात झाली. पानं एकाच ओळीत मांडली होती. तिघांची आई बायजा चुलीजवळ बसून वाढत होती. म्हातारीने सकाळपासून तुटक्या हाताबद्दल एक अक्षर काढलं नव्हतं.

"माती हाय ती," जनूच बोलला. "परत मळली की झालं. अजून देव नाय झालेला तो. पण रोज असंच व्हायला लागलं तर मी पेणच्या व्यापाऱ्याला काय तोंड दाखवू?"

"मी काय रोज ठोकणार हाय?" महिपती म्हणाला.

"मग काम कसं करणार? ठोकलं नाय तर पोट कशावर?"

हे खरं होतं म्हणून महिपतीला जास्त लागलं. त्याची बायको शांती मान खाली घालून भात कालवत होती. ती रोह्यात वाढलेली, नळाच्या पाण्याची. इथं आल्यापासून तिने तोंड उघडलं नव्हतं, पण रात्री ती नवऱ्याला एकच विचारायची, परत कधी जायचं.

हौसाने हाड चोखून पानाच्या कडेला ठेवलं. "मी एक सांगू? आमची खांबला हायवेवर शेड रिकामी पडलीय. पंक्चरवाल्याच्या बाजूला. खाली काँक्रीट हाय. तिथं लाव वाईस. ट्रकवाले दिवसभर थांबतात. आमचे मालक नाय म्हणणार नाहीत."

"ही गोष्ट बरी हाय," जनू लगेच म्हणाला.

सगुणाने नवऱ्याकडे तिरकं पाहिलं. फारच लवकर बोलला होता तो.

"बरी हाय," शांती म्हणाली, आणि सगळ्यांनी पानावरून डोळे वर केले. "बहिणीच्या दारात उभा राहून भावाने लोखंड घासायचं. आणि वन्सं, उद्या तुमच्या सासूने विचारलं, की हा कोण, तर काय सांगाल? आमच्या वाईसाचा माणूस?"

"वयनी, मी चांगल्यासाठी बोलले."

"मी पण चांगल्यासाठीच बोलते. परत जायचं तर रोह्याला जाऊ. आणि राहायचं तर ह्यांच्या बापाच्या घरात राहू. मधल्या रस्त्यावर मी राहायची नाय."

महिपतीने बायकोकडे पाहिलं. जी रोज रात्री जाऊ म्हणायची ती आज त्याच्यासाठी राहायला भांडत होती.

"घरात जागा हाय कुठं पण?" जनू म्हणाला. "गोठ्याला बहाल. परसात चिखल. पडवीच्या डाव्या अंगाला माझे देव. खाली दगड असलेली जागा सांगा मला एक."

आणि सगुणा बोलून गेली. ती भांडायला बोलली नाही. सकाळपासून तिच्या डोळ्यांपुढे त्या थरथरणाऱ्या फळ्या होत्या आणि त्यांच्यापासून लांब, घट्ट जमिनीची, उजेडाची जागा ती मनात शोधत होती. ती सापडली तशी ती म्हणाली, "कणग्याचा कोपरा हाय ना."

बायजाने भाताचा चमचा भांड्यात परत टाकला.

पडवीच्या उजव्या कोपऱ्यात पूर्वी भाताचा कणगा उभा असे. सबंध घरात तेवढीच जमीन खचत नव्हती. विठूने जवानीत बैलगाडीने डोंगराकडचा दगड आणून ती हातभर भरली होती, ओल्या जमिनीत भात कुजू नये म्हणून. पुढे उधाणाने बांध फुटले, शेतात खारं पाणी बसलं, कणगा रिकामा झाला आणि एका वर्षी मोडून चुलीत गेला. त्या जागी विठूची बाज आली. बहालाचं टोक तिथवर पोचत नव्हतं. कामाला उभं राहिलं तर खिडकी डाव्या हाताला येत होती.

दुसरी गोष्टही सगळ्यांना ठाऊक होती. बाज माजघराच्या दारातून आत येत नव्हती. दार अरुंद होतं. विठूला आत आणायचं म्हणजे जमिनीवर घोंगडी घालून निजवायचं. आणि ह्या घरात माणसाला बाजेवरून उतरवून माजघरात खाली घेतात ते एकदाच. विठूच्या बापाला घेतलं होतं. आईला घेतलं होतं.

"सगुणा," हौसा हळू म्हणाली, "जित्या माणसाला खाली घेणार तू?"

"मी तसं नाय म्हटलं वन्सं."

"मग कसं म्हटलंस? त्यांचं हगणं-मुतणं तू काढतेस म्हणून तुझा हक्क झाला होय?"

"हौसे!" जनू ओरडला. "तू वर्षातनं एकदा कोंबडा घेऊन येतेस. ती रोज हाय."

सगुणाचे डोळे भरले. सासऱ्याला उठवून बसवायला, पाठ शेकायला तीच होती, आणि त्या माणसाला खिडकी किती लागते हे तिच्याइतकं ह्या पंक्तीत कुणाला माहीत नव्हतं. शांतीने आपला हात तिच्या गुडघ्यावर ठेवला. त्या दोघी जावांनी एकमेकींना हात लावण्याची ती पहिलीच वेळ असावी.

"वाद बंद," महिपती पानावरून उठला. "त्या कोपऱ्यात मी लोखंड लावणार नाय. वाईस विकतो. रोह्याला कुणाच्या गॅरेजात उभा राहीन."

तेवढ्यात पडवीतून काठीचा आवाज आला. विठू उजव्या हाताने बाजेच्या पायावर काठी आपटत होता. पडवी आणि माजघर ह्यांच्यामध्ये कुडाची भिंत. त्याने सगळं ऐकलं होतं.

सगळे दाराशी जमले. बायजा सगळ्यांना बाजूला सारून पुढे गेली.

"मला... आत घे," विठू म्हणाला.

"गप ऱ्हावा. जागचं हलायचं नाय."

"हितं... भात ठेवत." त्याच्या तोंडाची उजवी बाजू वर गेली. ते हसणं होतं. "मी भात... हाय काय?"

"भात असता तर बरं झालं असतं. एवढं बोलला नसता," बायजा म्हणाली. मग ती बाजेच्या पायथ्याशी बसली. "आत गेलेलं कोण परत आलं या घरात? तुमचा बा आला? तुमची आय आली? मीच सारवलं त्या दोघांच्या वेळी. माझ्या हातांना माहीत हाय ती जागा."

"आत... सुकं हाय."

"खिडकी नाय आत."

विठूने खिडकीकडे बघितलं. रस्त्यावरून कुणीतरी डोक्यावर इरलं घेऊन चाललं होतं. त्या माणसाने सवयीने हाक मारली. विठूने ह्या वेळी हात वर केला नाही. तो महिपतीकडे बघत होता.

"पोराला... उजेड लागतो," तो म्हणाला. "मला काय... बघायचं?"

महिपती बाजेच्या कडेला बसला. "बा, मी खांबला जातो. नायतर रोह्याला. तू आपला हितंच."

"जाऊ... नको." विठूने काठी सोडली आणि पोराचं मनगट धरलं. त्या एका हातात अजून बांध घालणाऱ्या माणसाचं बळ होतं. "गेलास तर... मी हितं निजून... काय राखू?"

बायजा उठली, आत गेली, आणि थोड्या वेळाने शेण कालवल्याचा वास आला.

बायजाने माजघर एकटीने सारवलं. सुनांना हात लावू दिला नाही. सारवताना ती देवाच्या कोनाड्याखालच्या जागेशी आली आणि तिचा हात थांबला. सासरा तिथंच गेला होता, सासूही. पद्धत तशीच होती. ती उठली आणि घोंगडी तिने तिथं घातली नाही. चुलीच्या बाजूला घातली, आपल्या पाटाशेजारी, जिथं राख सांडते आणि मांजर निजतं. देवाला बोलवायचं असेल तर त्याने चुलीपर्यंत यावं, असं काहीसं ती पुटपुटली. हौसा दारात उभी होती तिने ते ऐकलं आणि तोंडात पदर कोंबला.

दोघा भावांनी बापाला उचललं. महिपतीने काखेत हात घातले, जनूने पाय धरले. ओझं असं लागलंच नाही. दारात जनू म्हणाला, "दादा, वाक. डोकं लागेल." महिपती वाकला. त्याचं तोंड बापाच्या कपाळाशी आलं आणि त्याला तेलाचा नि ओल्या गोधडीचा वास आला.

विठूने आत निजल्यावर आढ्याकडे पाहिलं, मग चुलीकडे, मग बायजाकडे. "चहा... लवकर मिळंल," तो म्हणाला.

हौसा संध्याकाळच्या गाडीने गेली. जाताना तिने सगुणाच्या हातात कोंबड्याच्या रश्श्याची उरलेली वाटी दिली आणि म्हणाली, "बाला दे. मऊ बघून." तेवढ्यावर दोघींनी ते मिटवलं.

दुसऱ्या दिवशी महिपतीने वाईस बसवला. परसात जनूचं एक जुनं फणसाचं टेबल होतं, माती मळायचं, चार माणसं लागतील असं जड. ते जनूने न विचारता घासलं आणि शेजाऱ्यांना हाताशी घेऊन आणून दिलं. महिपतीने ते खिडकीशेजारी भिंतीला टेकवून मांडलं आणि चारी पायांवर आळीपाळीने वजन टाकलं. जमीन हलली नाही. मग तो सरळ उभा राहिला, हात कोपरात दुमडला, मूठ हनुवटीखाली आणली. वाईसचा जबडा कोपराच्या उंचीला यायला हवा. खाली राहिला तर दिवसभर वाकून कंबर जाते, वर गेला तर खांदे. दोन बोटं कमी पडत होती. त्याने खाली फळीचा तुकडा घातला. वाईस टेबलाच्या मधोमध न ठेवता पायाच्या बरोबर वर घेतला, म्हणजे घाव सरळ जमिनीत जातो. मागचा जबडा टेबलाच्या कडेबाहेर किंचित काढला, लांब नळ धरला तर तो खाली मोकळा लोंबावा म्हणून. भोकं पाडली, बोल्ट आरपार घातले, खाली मोठे वायसर लावले.

मग तो थांबला. हातोडा हातात घेऊन तो फळ्यांकडे बघत राहिला.

जनूने कुंचला ठेवला, उठून एका टांगलेल्या फळीच्या कडेवर बोट टेकवलं. "मार."

महिपतीने मारला.

"अजून जोरात मार."

त्याने मारला. जनू डोळे मिटून उभा होता. मूर्तीचा सगुणाने नव्याने लावलेला हात ओला, काळसर दिसत होता.

"नाय लागत," जनू म्हणाला आणि परत कामाला बसला. एवढंच बोलणं झालं. पण थोड्या वेळाने त्याने स्वतःच्या चहातला अर्धा चहा बशीत ओतून टेबलाच्या कडेला ठेवला.

काम मात्र आलं नाही. असल्या पावसात कोण येणार? भाताची लावणी चालली होती, पंप बंद पडायला पंप चालू तर हवेत. शांती शेजारी चार घरी सांगून आली, की आमच्याकडं आता लोखंडाचं सगळं होतं. लोक बरं म्हणाले. महिपतीने वाईस उघडला, मिटला, दांड्याला ग्रीस लावलं, पुसलं. खिडकीतून उजेड बरोबर त्याच्या डाव्या हातावर पडत होता. रस्त्याने जाणाऱ्या माणसाने सवयीने खिडकीशी हाक मारली, आत बघितलं, आणि बाजेच्या जागी टेबल बघून मान खाली घालून निघून गेला.

बायजा माजघराच्या दाराशी आली. "थांबलास का?"

"काय झालं?"

"ते विचारतात. आवाज का येत नाय. काम नाय का आलं पोराला."

महिपतीने जनूकडे बघितलं. जनूने मूर्तीकडे बघितलं.

"सांग," महिपती म्हणाला, "आलंय म्हणावं. गागोद्याच्या माणसाचा पंपाचा शाफ्ट हाय. झिजलाय. घासून द्यायचाय."

बायजाला टेबल दिसत होतं. टेबलावर काहीच नव्हतं. ती वळली आणि आत जाऊन मोठ्याने म्हणाली, "गागोद्याचा शाफ्ट आलाय. अर्जंट हाय म्हणं."

महिपतीने परसातून एक गंजकी सळई शोधून आणली, जबड्यात धरली, आवळली आणि कानस चालवायला सुरुवात केली. कानशीचा आवाज कुडाच्या भिंतीतून आत जात होता. सरळ, एकसारखा, हात पुढं, हात मागं. गंज निघाला, मग पांढरं लोखंड लागलं. एक बाजू सपाट झाली तशी त्याने सळई फिरवली. दुसरी झाली, फिरवली. बाहेर पाऊस लागून राहिला होता. त्याच्या पायांशी लोखंडाचा भुसा काळा होऊन साचत गेला. शांतीने दिवा आणून टेबलावर ठेवला आणि काही न विचारता गेली. सळई करंगळीएवढी राहिली, मग पेन्सिलीएवढी.

बायजा परत दाराशी आली तेव्हा त्याने हात थांबवला.

"झोपले," ती म्हणाली.

त्याने कानस खाली ठेवली.

"ठेवू नको," ती म्हणाली. "चालू दे. थांबलास की जागे होतात."